अकरावीला काय घ्यायचं

निवृत्त झाल्यावर माणसाला कोणी विचारत नाही, असं म्हणतात. मला उलट तेव्हाच विचारायला लागले. कोथरूडमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी उभी हयात गणित शिकवलं, पण तेव्हा शेजारच्या इमारतीतली माणसंसुद्धा मला धड ओळखत नव्हती. निरोपसमारंभात मिळालेली शाल कपाटात ठेवते न ठेवते, तोच दहावीचा निकाल लागला आणि खालच्या मजल्यावरच्या बाई मुलाला घेऊन वर आल्या. "जरा बोला हो याच्याशी. अकरावीला काय घ्यायचं तेच ठरत नाहीये." मी बोलले. त्या बाईंनी भाजी घेता घेता ते कोणाला तरी सांगितलं, आणि पुढच्या जूनपासून माझ्या जेवणाच्या टेबलाशी रोज एखादं कुटुंब मार्कशीट घेऊन बसू लागलं.

पैसे मी कधी घेतले नाहीत. फुकटच्या सल्ल्याला किंमत नसते म्हणतात, पण पुण्यात फुकट मिळालेली वस्तू माणसं जास्त निगुतीनं वापरतात. माझी अट एकच होती. ज्याचा प्रवेश आहे त्यानं आधी बोलायचं, आईवडिलांनी नंतर. ही अट पाळणारे पालक मला फारसे भेटले नाहीत. "आम्ही तिला पूर्ण मोकळीक दिलेली आहे," एक गृहस्थ मला म्हणाले होते. "सायन्स कुठल्या कॉलेजात घ्यायचं, ते तिचं तिनंच ठरवायचं." ते विनोद करत नव्हते. एक आई म्हणाल्या, "आम्हाला गणित जरा जड जातं." मी विचारलं, "आपल्याला की याला?" त्या पुन्हा आल्या नाहीत. मुलगा मात्र एकटा येऊन गेला.

माझा सल्लाही बहुतेक वेळा एकच असायचा. अकरावीला विज्ञान घेतलं की गणित आणि जीवशास्त्र या दोन्हींपैकी एक सोडता येतं. गणित सोडलं की इंजिनीअरिंगचा रस्ता बंद, जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकीचा. सोळाव्या वर्षी कोणी कुठलाच रस्ता बंद करू नये असं माझं मत. म्हणून मी सांगायची, "दोन्ही ठेवा." मुलाला ती दोन वर्षं जरा जास्त घासावं लागतं, पण घरातलं भांडण तात्पुरतं मिटतं. आईला डॉक्टर दिसतो, बापाला इंजिनीअर दिसतो आणि सगळे खूश होऊन जिना उतरतात. दोन्ही डगरींवर पाय ठेवणं वाईट असं आपल्याकडे सांगतात खरं, पण सोळा वर्षांच्या मुलानं ठेवले तर काय बिघडलं, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर कोणाचंच मन न मोडणारा असा सल्ला माझ्या हाताशी आहे याचा मला थोडा अभिमानही होता.

अशाच एका जूनमध्ये, रविवारी सकाळी, आमच्या सोसायटीच्या फाटकात एक भली मोठी पांढरी गाडी येऊन आडवी उभी राहिली. आमचे सेक्रेटरी खालूनच ओरडले, "ही गाडी आपल्याकडे आलेली दिसते. येताना पार्किंगही बरोबर आणलंय का विचारा." गाडीतून चौघं उतरली. टेकडीपलीकडच्या एका गावातलं हे शेतकरी कुटुंब. गाव आता महापालिकेत आलेलं, आणि शेताच्या जागी इमारती. वडील चाळिशी ओलांडलेले, पांढरा कडक शर्ट, हातात दोन फोन. त्यांचे थोरले भाऊ टोपी घातलेले. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असणार हे त्यांच्या खुर्चीत बसण्यावरूनच कळलं. आईनं डोक्यावरचा पदर सावरत दुधाची किटली माझ्यापुढे ठेवली. "घरच्या म्हशीचं हाय," ती म्हणाली. आणि मुलगी, जिचा प्रवेश होता, ती सगळ्यात शेवटी आत आली आणि सगळ्यात कडेच्या खुर्चीवर बसली.

मार्कशीट बघून मी चष्मा पुसला. गणितात मुलीचा एकही मार्क गेला नव्हता.

"आमचं ठरल्यालं हाय, मॅडम," वडिलांनी सुरुवात केली. मी माझी अट सांगायला तोंड उघडलं, पण ते पुढे गेले होते. "अकरावीला कॉम्प्युटर घ्यायचं. ते बायफोकल का काय म्हनत्यात ते. मंग इंजिनीअरिंग. आन मंग कंपनी. तुमी फक्त कालेज कंचं चांगलं ते सांगा."

बायफोकल म्हणजे अकरावी-बारावीला कॉम्प्युटरचा मोठा विषय घ्यायचा आणि त्यासाठी जीवशास्त्र सोडून द्यायचं. पुण्यात तेव्हा निम्मी मुलं तेच करायची.

"कंपनी म्हणजे कुठली?" मी सहज विचारलं.

त्यांनी एका कंपनीचं नाव घेतलं. मी म्हटलं, कंपन्या काय, पुण्यात पासरीभर आहेत, शिक्षण झाल्यावर बघता येईल. त्यांनी मान हलवली. "न्हाई. तीच. ती आमच्या रानावर हुबी हाय."

थोरल्या भावांनी टोपी नीट केली. मला वाटलं, मिरवायचं असेल. आमच्या शेतावरच्या कंपनीत आमची पोरगी खुर्चीवर बसते, असं चारचौघांत सांगायला कोणाला आवडणार नाही? पण एका इमारतीसाठी मुलीचं सगळं शिक्षण बेतायचं, हा प्रकार मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडचे लोक जवळचं कॉलेज बघतात, नाव बघतात, बस कुठून सुटते ते बघतात. कॉलेजच्या पलीकडची एक ठरावीक इमारत बघून कोणी आलेलं नव्हतं.

मी मुलीकडे वळले. "तुला काय करायचंय?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "मला गुरांची डॉक्टर व्हायचंय."

थोरले भाऊ हसले. "आगं, गुरं ऱ्हायली कुटं आता? आपल्या दोन म्हशी हायेत, त्याबी तुझी आय जीव लावून बसलीय म्हून."

वडील हसले नाहीत. "शेनातनं बाहेर निघायला आमाला एवढी वर्सं लागली," ते म्हणाले, "आन ही परत तितंच चालली." आई किटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिली.

भांडण पेटणार असं दिसताच मी नेहमीचं औषध काढलं. कॉम्प्युटरचा विषय राहू द्या, साधं विज्ञान घ्या, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. पुढं बारावीनंतर बघू. गणित शाबूत राहतंय म्हटल्यावर वडिलांचा चेहरा उजळला. थोरले म्हणाले, "म्हंजी दोन्ही हातात लाडू." त्यांनी स्वतः आणलेले पेढे स्वतःच वाटले, आईनं माझ्या पायांना हात लावला आणि मंडळी गेली. मुलीनं पेढा घेतला, पण खाल्लेला मी पाहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती एकटी आली, बस बदलून बदलून. दारात उभी राहूनच तिनं सांगून टाकलं, "मॅडम, मला गणित नको."

"ये, आधी पाणी पी," मी म्हटलं. मग बसल्यावर विचारलं, "इतके मार्क पडलेत आणि गणित नको?"

"इतके पडलेत म्हणूनच नको." शाळेमुळे तिची भाषा पुस्तकी झाली होती, पण घाईत बोलली की गावाकडची वळणं मधूनच वर यायची. "मी गणित ठेवलं ना, तर दर सहामाहीला घरात हाच विषय निघणार. जीवशास्त्रात दोन मार्क कमी पडले की म्हणतील, बघ, तुझं गणितच चांगलंय. तुम्ही म्हणता दार उघडं ठेव. त्या उघड्या दारातून रोज कोणी ना कोणी आत येऊन मला कंपनीत चल म्हणणार. मी किती दिवस नाही म्हणू?"

मी जरा दुखावले. नाही कशाला म्हणू? ज्या सल्ल्यावर मी इतकी वर्षं निर्धास्त होते, त्याची ही मुलगी माझ्याच टेबलाशी बसून चिरफाड करत होती, आणि तिचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, "मी गणिताची शिक्षिका आहे, हे तुला ठाऊक आहे ना?"

"हो. म्हणून तर तुम्ही सांगितलं की ते ऐकतील. गणिताच्या मॅडमच गणित सोड म्हणाल्या, तर कोण काय बोलणार?"

पोरगी हुशार होती यात शंका नाही. मी तिला विचारलं की हे गुरांचं वेड आलं कुठून. तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या भागात जमिनी गेल्या तरी म्हशी सगळ्यांच्या गेल्या नव्हत्या. इमारतींच्या मधल्या बोळांत, पत्र्याच्या गोठ्यांत अजून बऱ्याच जणांची जनावरं होती. नव्या वस्तीत कुत्र्यामांजरांचे दवाखाने निघाले, एसी लावलेले. पण म्हैस अडली तर यायला कोणी तयार नाही. आदल्या वर्षी त्यांची एक म्हैस विताना अडली. वडील तेव्हा लग्नाला परगावी गेले होते. हिनं आणि आईनं शेजाऱ्यांच्या मदतीनं ती टेम्पोत घातली आणि पुण्याबाहेरच्या जनावरांच्या कॉलेजात नेली, कारण तिथं दवाखाना असतो असं कोणीतरी सांगितलं होतं. तिथं गमबूट घातलेली एक मुलगी, विद्यार्थिनीच, पुढे झाली. खांद्यापर्यंत हात आत घालून तिनं रेडकू फिरवलं. रेडकू वाचलं नाही. म्हैस वाचली.

"ती माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी होती, मॅडम," ती म्हणाली. "आणि तिला काय करायचं ते माहीत होतं. मी नुसती म्हशीचं तोंड धरून रडत होते. मला रडत नाही उभं राहायचं पुन्हा."

आजवर माझ्या टेबलाशी बसून किती मुलांनी मला आपली स्वप्नं सांगितली असतील. कोणाला समाजसेवा करायची असते, कोणाला संशोधन, कोणाला परदेश. बहुतेकांची स्वप्नं क्लासच्या जाहिरातीतून आलेली असत. हिचं तसं नव्हतं. पण हिला उगाच चढवायचंही माझ्या मनात नव्हतं. मी तिला सगळं कडू कडू सांगितलं. जागा थोड्या असतात. प्रवेशपरीक्षा अवघड असते. पुण्यात ते कॉलेज नाही, म्हणजे वसतिगृहात राहायचं, आणि तुझ्या घरातली एकही मुलगी आजवर वसतिगृहात राहिलेली नाही. गणित सोडलंस आणि तिथं नंबर लागला नाही, तर इंजिनीअरिंगही नाही. मग काय करशील?

"परत परीक्षेला बसेन."

"आणि परत नाही लागला तर?"

तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मग तुम्ही मला बोला. पण आत्ता नका ना बोलू."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी तिला म्हटलं, तुझ्या वतीनं मी बोलणार नाही. शेजारी बसेन. बोलायचं तू. मी कोणाच्या घरी जाऊन सल्ला देत नसे, पण त्या आठवड्यात मी टेकडी ओलांडून त्यांच्याकडे गेले.

घर तीन मजली होतं, समोरून फरशी लावलेलं, आणि मागच्या बाजूला पत्र्याखाली त्या दोन म्हशी. आईनं मला आधी म्हशी दाखवल्या, मग घर. चहा झाला. थोरले कुठल्या तरी बैठकीला गेले होते. वडील माझ्यासमोर बसले आणि मुलीनं बोलायला सुरुवात केली, पण पहिल्याच वाक्यात तिचा आवाज बसला. "तात्या, मला गणित..." एवढंच ती म्हणाली. वडिलांना अंदाज आला असावा. ते उठले. म्हणाले, "मॅडम, तुमी इथवर आलाच हाय तर चला, तुमाला आमचं रान दाखवतो. बसून काय बोलायचं?"

मुलगी मागे बसली, मी पुढे. त्यांनी ती पांढरी गाडी काढली आणि रुंद रस्त्यानं आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते बोट दाखवत होते. इथं जोंधळा यायचा, इथं आमच्या चुलत्यांचा कांदा, इथं ओढा होता. मला दिसत होत्या त्या गॅलऱ्या आणि वाळत घातलेले टॉवेल. मग एका काचेच्या उंच इमारतीसमोर, अगदी फाटकाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. गळ्यात पट्ट्या अडकवलेली पोरं चहाच्या टपरीकडे जात होती, येत होती. एकानंही आमच्याकडे बघितलं नाही.

"ते बघा, डाव्या अंगाला," ते म्हणाले, "जितनं गाड्या खाली उतरत्यात का, तितं आमची इहीर व्हती. उन्हाळ्यातबी पानी हटत नव्हतं. मी पवायला तितंच शिकलो. हिचा आजा कंबरंला दोर बांधून सोडायचा आत."

मी बघितलं. तिथं तळघरातल्या पार्किंगकडे जाणारा सिमेंटचा उतार होता आणि त्यावर पिवळे पट्टे.

तेवढ्यात सुरक्षारक्षक आमच्याकडे आला. तरुण मुलगा होता, कुठून तरी लांबून इथं नोकरीला आलेला. उद्धट नव्हता. खिडकीशी वाकून त्यानं विचारलं, "किससे मिलना है?"

आणि हा माणूस, जो मघापासून अख्ख्या रस्त्याला आपल्या नातेवाइकांची नावं देत आला होता, तो गप्प बसला. त्याच्या तोंडावर एकदम शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलाचा भाव आला. मीच म्हटलं, "बस दो मिनट." रक्षकानं गाडी जरा पुढे घ्यायची खूण केली आणि तो परत गेला.

गाडी पुढे झाडाखाली लागली. वडील काचेतून समोर बघत बोलू लागले.

"इकलं त्याचं वाईट न्हाई वाटत, मॅडम. माझ्या हातानं सही केली. कुनी फसवलं न्हाई, पैसं बुडवलं न्हाई. पोरं शिकली, घर झालं. पन हे बांधून झाल्यावर मी एकदा आलो व्हतो. एकलाच. म्हनलं, इहिरीची जागा कुटं आली ते बगू. तवाबी असाच एकजन आला. कुनाला भेटायचंय म्हनला. आता काय सांगू? इहिरीला भेटायचंय म्हनून सांगू?" ते हसले, पण ते हसणं लगेच विरलं. "आत कुनाचं तरी नाव लागतं. नाव असल्याबिगर सोडत न्हाईत. म्हून म्हनलं, आपली पोरगी आत असली की झालं. हिचं नाव सांगायचं. हिला भेटायचंय म्हनायचं."

त्या रविवारी माझ्या टेबलाशी बसून हा माणूस मिरवत नव्हता. त्याला आपल्याच विहिरीपर्यंत जायला एक नाव हवं होतं, आणि ते मिळवायचा त्याच्या हातातला एकच रस्ता त्याला दिसत होता. तो रस्ता मुलीच्या अकरावीतून जात होता. असलं काही मी कुठल्या पालकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि याच्यावर कुठलं कॉलेज सुचवायचं ते मला कळेना.

मागच्या सीटवरून मुलीचा आवाज आला. "तात्या, हे तुमी कधी बोलला न्हाई."

"काय बोलायचं त्यात?"

मग ती हळूच, माझ्या खांद्याशी झुकून म्हणाली, "मॅडम, राहू द्या. मी दोन्ही ठेवते."

तिच्या आवाजावरून मला कळलं की ती दोन्ही ठेवणार नाही. ती गणित ठेवणार, बापासाठी, आणि कॉम्प्युटरही घेणार, आणि बारावीनंतर कोणी काही विचारायच्या आत इंजिनीअरिंगचा अर्ज भरून मोकळी होणार. आणि वडिलांना कधी कळणारही नाही की तिनं काय दिलं. दोन्ही ठेवते म्हणणाऱ्या मुलाला मी आजवर शाबास म्हणत आले होते. त्या क्षणी मात्र माझ्याच तोंडचं ते वाक्य मला ऐकवेना. मी तिच्या शेजारी नुसती बसायला आले होते, पण आता बोलणं भाग होतं.

"अहो, ऐका," मी वडिलांना म्हटलं. "माझा मुलगा अशाच एका कंपनीत आहे. इथं नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकदा घाईत डबा विसरून गेला म्हणून मी द्यायला गेले. फाटकावर त्याचं नाव सांगितलं. त्यांनी माझा फोटो काढला, छातीला एक चिकटपट्टी लावली आणि खालच्या काचेच्या खोलीत एका सोफ्यावर बसवलं. मुलगा खाली आला, डबा घेतला आणि वर गेला. मी परत आले. त्याला तिथं लागून इतकी वर्षं झाली, पण तो कुठल्या खिडकीशी बसतो ते मी अजून बघितलेलं नाही. नाव सांगितलं की सोफ्यापर्यंत सोडतात. पुढं नाही."

ते बराच वेळ त्या उताराकडे बघत राहिले. एक गाडी खाली उतरली, एक वर आली.

"म्हंजी इहिरीपत्तूर न्हाईच," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आता हे चिडतील असं मला वाटलं. आशा लावून बसलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं की तो चिडतोच, आणि त्यांना चिडायचा हक्कही होता. पण ते चिडले नाहीत. आरशातून त्यांनी मुलीकडे बघितलं.

"आन तुज्या त्या जनावरांच्या कालेजाला?" त्यांनी विचारलं. "तितंबी गेट असंल की."

"हाय की. मोठं गेट हाय."

"मंग तितं आल्यावर काय सांगायचं? कुनाला भेटायचंय म्हनायचं?"

ती जरा पुढे सरकली. तिचा आवाज परत आला होता. "काय सांगायचं न्हाई, तात्या. आमी म्हस घेऊन गेलो तवा गेटवरच्या मानसानं आमच्याकडं बगितलंबी न्हाई. म्हशीकडं बगितलं आन धावत जाऊन दुसरंबी दार उघडलं. तितं मानसाचं नाव कुनी इचारत न्हाई. जनावर घेऊन आला की सरळ आत."

वडील हसायला लागले. हसता हसता त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं, डोळ्यांसकट. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण माझीही तीच गत होती.

मग त्यांनी मला विचारलं, "गणित सोडावंच लागतंय का, मॅडम?"

गणित सोडू नका, हे मी जन्मभर वर्गात ओरडून सांगितलं. हुशार मुलानं गणित सोडलं की मला घरातलं कोणी गेल्यासारखं व्हायचं. आणि त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर नाही असंच होतं. ते विषय दोन्ही ठेवता येतात, परीक्षाही देता येते, नियम कुठं आड येत नाही.

"सोडावंच लागतं असं नाही," मी म्हटलं. "पण सोडू द्या तिला."

त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली. "सोड मंग," ते मुलीला म्हणाले.